गुडघेबदलानंतरची पहिली रात्र : नर्व्ह ब्लॉक घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

माझ्या आईचा उजवा गुडघा बदलला तेव्हा मी भूलशास्त्राचे शिक्षण घेत परगावी होते आणि शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी इंदूरला पोहोचले. आदल्या दुपारी तिने फोनवर ‘अगं, काहीसुद्धा दुखत नाही’ असे आनंदाने सांगितले होते. मी खोलीत शिरले तेव्हा ती रात्रभर जागलेली होती, ओठ कोरडे पडले होते आणि पायाजवळ कोणालाही येऊ देत नव्हती. मध्यरात्रीच्या सुमारास तिने नर्सला ‘पैर में चींटियाँ आ रही हैं’ असे सांगितले होते. ‘मुंग्या येणे’ हा आपला शब्दप्रयोग तिने जसाच्या तसा हिंदीत नेला होता. नर्सने बॅटरीच्या उजेडात चादर तपासली, मुंग्या सापडल्या नाहीत आणि ती दुसऱ्या रुग्णाकडे गेली. दोघींपैकी कोणाचीच चूक नव्हती. पण सकाळी मांडीत दिलेला ब्लॉक (नस बधिर करणारे इंजेक्शन) उतरू लागला आहे, हाच त्या मुंग्यांचा अर्थ होता, आणि पुढच्या दीड-दोन तासांत वेदना इतकी वाढली की नंतर इंजेक्शने देऊनही ती आटोक्यात यायला पहाट झाली.

आज मी याच शहरात भूलतज्ज्ञ म्हणून काम करते. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर या भागांतून आणि देवास, धार, महू येथूनही मराठी कुटुंबे आपल्या ज्येष्ठांना घेऊन येतात. ब्लॉकमुळे दुखत नाही, हे त्यांनी कोणाकडून तरी ऐकलेले असते. तो उतरताना काय करायचे, हे मात्र बहुधा कोणी सांगितलेले नसते. शस्त्रक्रियेच्या आधीपासून घरी परतेपर्यंत काय करावे, ते येथे क्रमाने लिहीत आहे. गोळ्यांची नावे आणि मात्रा प्रत्येकाच्या प्रकृतीप्रमाणे बदलतात, त्यामुळे त्या बाबतीत आपल्या डॉक्टरांनी लिहून दिलेले तेच पाळावे.

ब्लॉक म्हणजे काय

‘नसेत सुई’ असे म्हटले की पुष्कळांना सलाइन आठवते, कारण आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूलाही नसच म्हणतो. ब्लॉकमधली नस म्हणजे मज्जातंतू. औषध त्या नसेत टोचत नाहीत, तर तिच्या भोवती सोडतात. ब्यूपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन ही यासाठी नेहमी वापरली जाणारी औषधे आहेत. मज्जातंतूच्या आवरणात सोडियमचे कण आत येण्याची जी सूक्ष्म दारे असतात, ती ही औषधे काही तास बंद ठेवतात, आणि त्यामुळे गुडघ्यातून निघालेला वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत जात नाही. रक्त ते औषध हळूहळू वाहून नेते, दारे पुन्हा उघडतात आणि निरोप पुन्हा सुरू होतो. म्हणजे ब्लॉक चालू असताना गुडघ्याची जखम होती तेवढीच असते. फक्त तिची बातमी अडवून धरलेली असते.

शस्त्रक्रियेसाठी दिलेली पाठीतली भूल आणि ब्लॉक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मणक्यातल्या सुईने कमरेखालचा सगळा भाग, दोन्ही पायांसह, साधारण दोन ते चार तास जड आणि बधिर होतो, आणि त्या वेळेत शस्त्रक्रिया होते. ब्लॉक फक्त शस्त्रक्रिया झालेल्या पायाला दिला जातो आणि तो नंतरच्या वेदनेसाठी असतो. एकदाच दिलेल्या ब्लॉकचा परिणाम साधारण १२ ते २४ तास टिकतो. काहींच्या बाबतीत तो आठ-दहा तासांतही ओसरतो.

ब्लॉक कोणता देणार, हे विचारून ठेवावे, कारण त्यावर पुढची काळजी अवलंबून असते. पूर्वी जांघेजवळ फीमोरल नसेला ब्लॉक देत असत. त्याने वेदना उत्तम थांबते, पण मांडीचा पुढचा मोठा स्नायूही लुळा पडतो आणि उभे राहताच गुडघा दगा देतो. म्हणून आता बहुतेक ठिकाणी मांडीच्या मध्यावर, आतल्या बाजूने, अ‍ॅडक्टर कॅनल ब्लॉक देतात. तिथून जाणारी सॅफेनस नस मुख्यतः संवेदनेची असल्याने मांडीची ताकद बरीचशी शाबूत राहते. मात्र हा ब्लॉक गुडघ्याच्या पुढच्या आणि आतल्या भागाची वेदना अडवतो, मागच्या भागाची नाही. मागच्या भागासाठी गुडघ्यामागची धमनी आणि सांध्याचे आवरण यांच्यामधल्या जागेत औषध सोडतात. त्या ब्लॉकला आयपॅक म्हणतात. शिवाय शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर टाके घालण्यापूर्वी सांध्याभोवतीच्या मांसात औषधाचे मिश्रण टोचतात. एवढे सगळे केले तरी वेदना शून्य होईल असे नाही. शस्त्रक्रियेत रक्तस्राव कमी राहावा म्हणून मांडीला घट्ट बांधलेल्या टूर्निकेटच्या पट्ट्यामुळे मांडी ठेचल्यासारखी दुखते, आणि ‘गुडघ्याचे ऑपरेशन झाले, मग मांडी का दुखते?’ असे विचारणारे रुग्ण मला दर आठवड्याला भेटतात. शांत झोप लागावी, खोल श्वास घेता यावा आणि टाच गादीवरून उचलता यावी, एवढी वेदना कमी झाली की ब्लॉकने आपले काम केले असे समजावे.

पहिली पायरी : भूलतज्ज्ञांची भेट

शस्त्रक्रियेच्या आधी भूलतज्ज्ञ तपासणी करतात. ही भेट पाच मिनिटांत उरकू देऊ नये. घरात चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाने, बाटल्या, पुड्या एका पिशवीत घालून न्याव्यात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची माहिती सर्वांत महत्त्वाची आहे: अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन, अ‍ॅपिक्साबान, रिव्हारोक्साबान यांपैकी काहीही चालू असेल तर पाठीत किंवा नसेभोवती सुई देण्याआधी ते कळलेच पाहिजे. पण या गोळ्या स्वतःच्या मनाने बंदही करू नयेत. हृदयात स्टेंट असलेल्या व्यक्तीने क्लोपिडोग्रेल परस्पर थांबवणे जिवावर बेतू शकते.

गुडघेदुखीसाठी कोणी दिलेल्या देशी पुड्या, भुकट्या किंवा गोळ्या घेतल्या असतील तर तेही संकोच न करता सांगावे. अशा काही भुकट्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले आढळलेले आहे. ते दीर्घकाळ पोटात जात असेल तर शस्त्रक्रियेच्या ताणाला तोंड देण्याची शरीराची क्षमता कमी होते आणि डॉक्टरांना त्याची तजवीज करावी लागते. आमच्याकडे येणाऱ्या आजी ही गोष्ट मुलांसमोर सांगत नाहीत, कारण मुलांनीच ‘ते घेऊ नको’ म्हणून बजावलेले असते. म्हणून मी हा प्रश्न नेहमी एकट्यात विचारते.

मधुमेह असेल आणि तळपायांना आधीपासूनच बधिरपणा किंवा जळजळ असेल तर ते ब्लॉकच्या आधी कागदावर नोंदवून घ्यावे. एक तर अशा पायात ब्लॉक अधिक वेळ टिकू शकतो, आणि दुसरे म्हणजे नंतर बधिरपणा उरला तर तो जुना की नवा, हे ठरवायला त्या नोंदीशिवाय दुसरा आधार नसतो. ब्लॉक लांबवण्यासाठी किंवा उलटी टाळण्यासाठी कधी कधी डेक्सामेथासोन देतात; त्याने एक-दोन दिवस साखर वाढते, हेही ठाऊक असावे. मूत्रपिंडाचा विकार, पोटातला व्रण, दमा, फिट्स, मनाच्या आजाराच्या गोळ्या, कोणत्याही औषधाची अ‍ॅलर्जी, हे सगळे सांगावे, कारण ब्लॉक उतरल्यावर ज्या गोळ्यांवर भिस्त ठेवायची असते त्यांची निवड यावरून होते.

वजन अंदाजाने सांगू नये, काट्यावर उभे राहून सांगावे. बधिर करणाऱ्या औषधाची कमाल मात्रा वजनावर ठरते: ब्यूपिव्हाकेनसाठी ती दर किलोला साधारण २ मिलिग्रॅम धरतात, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला १२० मिलिग्रॅम. ब्लॉकमध्ये दिलेले आणि सांध्याभोवती टोचलेले, असे दोन्ही मिळून ही मर्यादा असते. दोन्ही गुडघे एकाच दिवशी बदलायचे असतील तर हीच मात्रा दोन पायांत वाटली जाते. त्यामुळे एकेका पायाला आराम थोडा कमी मिळू शकतो. आपल्याकडे ‘एकदाच काय ते होऊन जाऊ दे’ म्हणून दोन्ही गुडघ्यांचा आग्रह धरणारे पुष्कळ असतात; त्यांनी निर्णयाआधी हा मुद्दाही डॉक्टरांशी बोलून घ्यावा.

याच भेटीत चार प्रश्न विचारून उत्तरे लिहून घ्यावीत. कोणता ब्लॉक देणार? तो साधारण किती तास टिकेल? तो उतरण्याआधी कोणती गोळी किती वाजता सुरू होईल? आणि रात्री वेदना वाढली तर कोणाला बोलवायचे? ब्लॉकचा खर्च पॅकेजमध्ये धरला आहे का, हेही विचारण्यात कमीपणा नाही. संमतिपत्र हिंदी किंवा इंग्रजीत असते. सही करणाऱ्या व्यक्तीला ते मराठीत समजावून सांगा, अशी विनंती करावी.

शस्त्रक्रियेची सकाळ

जेवण आणि नाश्ता भुलेच्या किमान सहा तास आधी थांबवावा लागतो. साधे पाणी बहुधा दोन तास आधीपर्यंत चालते. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही. तो जेवणासारखाच धरला जातो, आणि केवळ पहाटेच्या अर्ध्या कप चहामुळे शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागल्याचे मी पाहिले आहे. पायावरचे केस घरी ब्लेडने काढू नयेत, कारण बारीक कापल्याने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. जांघेत किंवा मांडीवर गळू, पुरळ किंवा पायाच्या बोटांमध्ये चिखल्या असतील तर दाखवावे. नखांचे रंग काढून टाकावेत, कारण बोटाला लावलेले प्राणवायू मोजणारे यंत्र त्यामुळे चुकू शकते.

ब्लॉक शस्त्रक्रियेआधी किंवा ती संपल्यावर लगेच देतात. मांडी जंतुनाशकाने पुसून सोनोग्राफीचे हातात धरायचे यंत्र टेकवले की पडद्यावर धमनी धडधडताना दिसते आणि तिच्या बाजूला नस दिसते. सुईचे टोक बघत बघत तिथवर नेतात आणि औषध थोडे थोडे सोडतात. पाठीतली भूल आधी दिलेली असेल तर यातले काही जाणवत नाही. नसेल तर टोचणे आणि थोडा दाब जाणवतो. या वेळी रुग्णाने एक काम करायचे असते. पायात वीज चमकल्यासारखी कळ गेली, ओठांभोवती मुंग्या आल्या, तोंडाला धातूची चव आली, कानात आवाज घुमू लागला किंवा एकदम चक्कर आली तर तत्क्षणी बोलावे. पहिले लक्षण सुई नसेच्या फार जवळ गेल्याचे असू शकते, बाकीची औषध रक्तात मिसळत असल्याची. लवकर कळले तर दोन्हींवर लगेच उपाय करता येतो; रक्तात मिसळलेल्या औषधावर स्निग्धद्रवाचे सलाइन हा ठरलेला उपचार आहे. नसेला दीर्घकाळ टिकणारी इजा होण्याचे प्रमाण दर १०,००० ब्लॉकमागे साधारण दोन ते चार इतके अल्प आहे.

बधिर पायाची राखण

खोलीत आणल्यानंतरचे पहिले काही तास सुखाचे वाटतात, आणि नेमके याच वेळी पायाला इजा होऊ शकते, कारण तो तक्रार करत नाही. टाच एकाच जागी गादीवर दाबून राहिली तर तिथे फोड येऊन जखम होते. म्हणून पोटरीखाली घडी केलेले ब्लँकेट ठेवून टाच अधांतरी ठेवावी. उशी गुडघ्याखाली मात्र ठेवू नये. त्याने बरे वाटते, पण गुडघा किंचित वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि पुढे सरळ करताना त्याची किंमत मोजावी लागते.

आपल्या घरांत पाय दुखला की शेकाची पिशवी किंवा तव्यावर तापवलेला कपडा आणला जातो, आणि कोणीतरी तेलाची बाटलीही काढते. बधिर कातडीला चटका कळत नाही. शेक, तेल, चोळणे यांपैकी काहीही करू नये. बर्फ उपयोगी पडतो, पण तोही कापडात गुंडाळून, एका वेळी १५ ते २० मिनिटे, आणि मधूनमधून कातडीचा रंग पाहून.

दुसरा धोका पडण्याचा आहे. दुखत नाही म्हणून पायात बळ आहे असे वाटते आणि रुग्ण रात्री एकटा बाथरूमकडे निघतो. पहिल्यांदा उभे राहणे फिजिओथेरपिस्ट किंवा नर्स हजर असतानाच करावे. त्याआधी गुडघा ताठ ठेवून टाच गादीवरून वीतभर उचलता येते का, ते पाहावे. येत नसेल तर उभे राहण्याची घाई करू नये. पहिले दोन दिवस प्रत्येक फेरीत वॉकर आणि एक माणूस, दोन्ही हवेत. सोबतीला थांबणाऱ्या व्यक्तीने रात्री खाटेशेजारीच झोपावे आणि रुग्णाच्या हाताशी घंटा ठेवावी.

काही ठिकाणी एकदाच सुई न देता बारीक नळी बसवून पंपाने दोन-तीन दिवस औषध देत राहतात. तशी नळी असेल तर कपडे बदलताना ती ओढली जाणार नाही एवढे पाहावे, आणि पट्टी ओली झाली किंवा नळीभोवती लाली दिसली तर कळवावे.

ब्लॉक उतरण्याची वेळ

या लेखातले एवढेच लक्षात राहिले तरी चालेल. ब्लॉक हळूहळू उतरतो, पण वेदना मात्र एकदम आली असे वाटते, कारण अडवून धरलेले सगळे निरोप थोड्या वेळात मेंदूपर्यंत पोहोचतात आणि शरीर तोवर गाफील असते. शस्त्रक्रिया बहुधा सकाळी होतात. ब्लॉक ११ वाजता दिला आणि तो १२ ते १८ तास टिकला, तर तो रात्री ११ ते पहाटे ५ च्या दरम्यान उतरणार. म्हणजे वॉर्डात माणसे कमी असतात आणि घरचे पेंगलेले असतात, तीच ती वेळ असते.

म्हणून ब्लॉक दिल्याची वेळ नर्सला विचारून एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहावी आणि कागद भिंतीवर चिकटवावा. त्या वेळेत १२ तास मिळवून येणारी वेळ खाली लिहावी. गोळ्या त्या वेळेच्या आधीपासून, म्हणजे काहीच दुखत नसताना, सुरू झालेल्या असल्या पाहिजेत. तोंडाने घेतलेल्या गोळीला काम सुरू करायला अर्धा ते एक तास लागतो. वेदना भडकल्यावर घेतलेली गोळी तिच्या मागे धावत राहते.

बहुतेक ठिकाणी पॅरासिटामॉल दर सहा तासांनी देतात, आणि मूत्रपिंड व पोट ठीक असेल तर सूज कमी करणारी एखादी गोळी जोडीला असते. गरज पडली तर ट्रामाडॉलसारखे अधिक तीव्र औषध वेगळे लिहून ठेवलेले असते. यात दोन चुका नेहमी होतात. पहिली चूक रात्री १२ च्या मात्रेची: ‘आत्ताच डोळा लागलाय, उठवू नका’ असे म्हणून नातेवाईकच नर्सला परत पाठवतात. माया समजू शकते, पण त्या एका मात्रेवर पुढची पहाट अवलंबून असते. रुग्णाला उठवावे, गोळी द्यावी, पुन्हा झोपू द्यावे. दुसरी चूक बेरजेची आहे. ट्रामाडॉलच्या अनेक गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल आधीच मिसळलेले असते, आणि ताप आला म्हणून घरच्या डब्यातली आणखी एक गोळी दिली जाते. प्रौढ व्यक्तीला चोवीस तासांत पॅरासिटामॉल सगळे मिळून ४ ग्रॅमच्या वर जाऊ नये, आणि ज्येष्ठ, कृश किंवा यकृताचा विकार असलेल्यांसाठी ही मर्यादा त्याहून कमी असते. गोळ्यांच्या प्रत्येक पाकिटावरचे घटक वाचावेत.

ब्लॉक उतरण्याची पहिली चाहूल म्हणजे मुंग्या, झिणझिण्या, गुडघ्याच्या आतल्या बाजूला कोमट वाटणे किंवा पोटरीच्या आतल्या कातडीवर बोट फिरवलेले कळू लागणे. एवढे जाणवले की लगेच नर्सला सांगावे. इंदूरच्या मराठी माणसाला हिंदी उत्तम येते, पण रात्री दोन वाजता, वेदनेत, आजीच्या तोंडून तिची भाषाच येते. म्हणून हे शब्द सोबतच्या व्यक्तीने आधीच ठरवून ठेवावेत: मुंग्यांना ‘झुनझुनी’, बधिरला ‘सुन्न’, जळजळीला ‘जलन’, ओढल्यासारखे वाटण्याला ‘खिंचाव’. आपला ‘कळ’ हा शब्द हिंदी कानाला ‘कल’ असा ऐकू येतो. तिथे ‘टीस’ म्हणावे. ठणक्यासाठी नेमका शब्द सुचला नाही तर ‘रह-रहकर ज़ोर से दुखता है’ एवढे पुरे. शब्दांवर विसंबायचे नसेल तर शून्य ते दहा या मापात आकडा सांगावा, आणि तो दोन वेळा सांगावा: पडून असताना किती आणि पाय हलवताना किती. पडून असताना आकडा चारच्या वर गेला तर राखीव औषध मागावे.

‘एवढे तर सोसायलाच हवे’ असे म्हणत गप्प राहणाऱ्या आपल्याकडच्या आया-आज्या मला फार अस्वस्थ करतात. दुखणाऱ्या पायाचा माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, गुडघा वाकवत नाही, आणि न वाकवलेला गुडघा आखडतो. वेदना सांगणे हा उपचाराचाच भाग आहे, असे त्यांना घरच्यांनी आधीच पटवून द्यावे.

दीड वर्षाने आईचा डावा गुडघा बदलला तेव्हा भिंतीवर कागद होता. ब्लॉक ११.१५, गोळी ६, १२, ६. रात्री १२ वाजता मी तिला उठवले, ती थोडी चिडली, गोळी घेऊन झोपली. पहाटे चार वाजता ‘झुनझुनी’ म्हणाली, तेव्हा तिचा आकडा तीन होता.

दुसऱ्या दिवसापासून घरी जाईपर्यंत

दुसरा आणि तिसरा दिवस बहुतेकांना सर्वांत कठीण जातो, कारण ब्लॉक गेलेला असतो, सूज वाढलेली असते आणि व्यायाम सुरू झालेला असतो. हे बिघडल्याचे लक्षण नाही. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळीची वेळ यावी, असे फिजिओथेरपिस्ट आणि नर्स यांच्याशी बोलून जुळवून घ्यावे. पाऊल वरखाली हलवण्याचा व्यायाम मात्र भूल उतरताच, दर तासाला दहा-पंधरा वेळा करत राहावे. त्याने पोटरीत रक्त साकळण्याची शक्यता कमी होते.

ट्रामाडॉलने मळमळ, चक्कर आणि बद्धकोष्ठ होतो. पाणी भरपूर प्यावे, इसबगोल किंवा डॉक्टरांनी दिलेले सारक पहिल्या दिवसापासून घ्यावे. रुग्ण फारच गुंगलेला वाटला, हाक मारून नीट जागा होईना, तर पुढची मात्रा देण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

देवास, धार किंवा त्याहून लांब जाणाऱ्यांनी निघण्याच्या सुमारे पाऊण तास आधी गोळी घ्यावी, पुढची सीट पूर्ण मागे सरकवून बसावे आणि वाटेत एकदा थांबून चार पावले चालावे.

घरी

कमोड किंवा कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवावी. भारतीय पद्धतीच्या संडासावर बसता येणार नाही. जुन्या घरांतला उंच पायऱ्यांचा जिना पहिले काही दिवस टाळून खालच्या मजल्यावर खाट टाकावी. गोळ्या एकदम बंद न करता डॉक्टरांच्या सल्ल्याने आधी तीव्र औषध, मग सूज उतरवणारे आणि शेवटी पॅरासिटामॉल अशा क्रमाने कमी होत जातात. सुमारे दोन आठवड्यांत गुडघा ९० अंशांपर्यंत वाकावा, अशी साधारण अपेक्षा असते. रात्रीचे दुखणे त्याहून अधिक काळ, कधी दोन-तीन महिनेही, राहते.

टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला कातडीचा एक पट्टा बधिरच राहिला, तर ब्लॉक उतरला नाही असे समजून घाबरू नये. गुडघ्यावर छेद देताना सॅफेनस नसेची एक बारीक फांदी कापली जाते, त्यामुळे असे होते. तो पट्टा काही महिन्यांत लहान होतो. काहींच्या बाबतीत कायम राहतो आणि चालण्यात त्याचा अडथळा येत नाही.

वाट न पाहता कळवावे असे काही

एकदाच दिलेल्या ब्लॉकनंतर ३६ तास उलटूनही पाय तसाच बधिर असेल, किंवा पाऊल वर उचलता येत नसेल आणि चालताना बोटे घासत असतील, तर भूलतज्ज्ञ आणि शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर या दोघांनाही कळवावे. गोळ्या वेळेवर घेऊनही पाय तटतटून असह्य दुखत असेल, बोटे थंड किंवा निळसर पडली असतील, तर पट्टी फार घट्ट झाली असण्याची किंवा रक्तपुरवठा अडला असण्याची शक्यता असते. तेव्हा रात्र असली तरी डॉक्टरांना बोलवावे. उठून बसल्यावर जोरात डोके दुखणे आणि आडवे होताच थांबणे हे पाठीतल्या भुलेशी संबंधित असते आणि त्यावर उपचार आहे. लघवी सहा-आठ तास झाली नाही तर सांगावे. घरी गेल्यावर पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, टाक्यांतून पू आला किंवा थंडी वाजून ताप भरला तर त्याच दिवशी दाखवावे. छातीत दुखून धाप लागली तर पोटरीतली गुठळी फुप्फुसात गेली असू शकते. तेव्हा कोणाला विचारत बसू नये, १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

शंभरातल्या दहा-वीस जणांना तीन महिन्यांनंतरही त्रासदायक वेदना राहते. त्यांनी ‘आता वयच झाले’ म्हणून ती स्वीकारू नये. सांधा सैल आहे का, जंतुसंसर्ग आहे का, नस चिमटली आहे का, की दुखणे मुळात कमरेतून येत आहे, हे तपासून घेता येते. त्या भेटीला जाताना पहिल्या दिवसाच्या भिंतीवरचा तो कागद आणि औषधांची पाने सोबत न्यावीत.